एक खूण सरकवून

सामंत मॅडम म्हणाल्या, तांडेल, माईक लावा. म्हटलं, मॅडम, माझा आवाज वाऱ्याच्या उलट पलीकडच्या बोटीला ऐकू जातो, या एवढ्याशा खोलीत माईक कशाला.

तर बसा. मी धाकू चोगले, वेसणे बंदरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. चौथी पास, तीसुद्धा गुरुजींच्या मेहेरबानीने. तुमी इथे विद्यापीठात समुद्राचं नि किनाऱ्याचं शास्त्र शिकायला आलात, आणि पहिल्याच तासाला समोर हा म्हातारा उभा. तुमाला वाटेल, दर्याच्या गंमती सांगेल. गंमत आहे थोडी. पण मला बोलावतात ते माझी लाज सांगायला. दर वर्षी बोलावतात. दर वर्षी घाटी चढताना वाटतं, आज गाडी बंद पडली तर बरं. पडत नाय.

आधी घोळ सांगतो, कारण सगळं तिच्यापायी झालं. घोळ म्हणजे मासा. मोठी घोळ दहा वर्षांच्या पोराएवढी लांब. पोटात तिच्या भोत असतो, म्हणजे हवेची पिशवी. त्या भोताला बाहेरदेशी एवढी मागणी की एक मोठी घोळ गावली तर घरावर स्लॅब पडायचा. आणि ही जात बोलते. नर बोलतो. भोताच्या दोन्ही बाजूंना मांस असतं, ते तो थरथरवतो, आणि भोत ढोलासारखा वाजतो. नारळी पुनवेनंतर, सूर्य बुडायच्या वेळेला, शेकडो नर एका जागी जमून वाजवतात. मादीला बोलावतात. मग तिथेच अंडी पडतात. पुढच्या दहा वर्षांची घोळ त्या एका जागेवर तयार होते.

आमी ते ऐकायचो कसं? इंजिन बंद करायचं, वल्हं पाण्यात उभं धरायचं आणि दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला लावायचं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपट वेगाने जातो आणि लांबवर जातो, हे मला पुढे सुकेशनीने सांगितलं. मला एवढंच ठाऊक होतं की वल्हं बोलतं. घोळीचा आवाज जड, सावकाश, पालथ्या घमेल्यावर मूठ मारल्यागत. ढोमा तिच्याच जातीतला, पण लहान मासा. त्याचा आवाज पातळ आणि घाईचा. शिंगाळा मासा दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरतो. माझ्या बापाने शिकवलं. गावात मी एकटाच उरलो होतो ते ऐकणारा.

बापाने आणखी एक शिकवलं, ते नीट ऐका. दर्यात जागेला पाटी नसते. आमी खुणा धरतो. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आल्या की ती एक खूण, दुसरीकडच्या दोन एका रेषेत आल्या की दुसरी खूण. दोन्ही जुळल्या की तू जागेवर. आता कुणी विचारलं, धाकू, घोळ कुठे गावली रे? तर गप्प बसायचं नाय, ते उर्मटपणाचं. सांगायचं. पण एक खूण सरकवून सांगायचं. देवळाचा कळस असेल तर धक्क्यावरचा दिवा म्हणायचं. विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं की खूण सरकवलेली आहे. तो हसतो, तुमीही हसता, दोघांचा मान राहतो. सख्ख्या भावालाही तसंच सांगायचं. खरी खूण फक्त आपल्यानंतर आपली बोट चालवणाराला. आमच्यात याला खोटं म्हणत नायत. बोलायची रीत आहे ती.

आता सुकेशनी. सुकेशनी खिल्लारे, हिंगोली जिल्ह्यातली. तुमच्यासारखीच इथे एम.एस्सी.ला आली. समुद्र म्हणून आयुष्यात येलदरीचं धरण बघितलेलं. प्रकल्पासाठी सामंत मॅडमनी तिला आमच्या गावी धाडलं. आमचा मुलगा दुबईला, खोली रिकामी, ती आमच्याकडेच राहिली. पहिल्या दिवशी बोटीत बसवली तर बंदराबाहेर पडायच्या आत तिने सकाळचे पोहे दर्याला वाहिले.

म्हटलं, "पोरी, अजून नांगर वर आला नाय."

तोंड पुसत म्हणाली, "काका, तुम्ही चालवा बोट. माझं पोट माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. खिशात लिंबू. तिसऱ्या दिवशी लिंबूही नाय. चिवट होती. माझ्या बायकोला, द्रुपदाला, ती एवढी आवडली की मला ताटात शेपटी आणि तिला मधला तुकडा असं सुरू झालं.

तिचं काम असं. त्या दिवसांत पाणी तापलेलं, मासा घटलेला. सरकार म्हणत होतं, घोळीची अंडी घालायची जागा तेवढी बंद ठेवू, बाकी दर्या मोकळा. पण जागा कळणार कशी? तर पाण्यात कान टाकायचे. डब्याएवढं यंत्र, तळाला बसवायचं, ते दिवसरात्र ऐकत राहणार. घोळीचा मेळा वाजायला लागला की समुद्राचा तो चौकोन आपोआप बंद. बंद म्हणजे काय? मोठ्या बोटींचे जाळं ओढायचे विंच तोपर्यंत सॅटेलाइटला जोडलेले होते. बंद चौकोनात विंच फिरतच नसे. पोलिस नको, भांडण नको. बाकी सगळं यंत्र तयार होतं. फक्त त्याला घोळ कोण आणि ढोमा कोण हे शिकवायचं राहिलेलं. ते सुकेशनीने करायचं होतं.

एका संध्याकाळी द्रुपदाने तिला विचारलं, "यंत्राला शिकवतेस म्हणजे गं काय?"

"काकू, तुम्ही नातवाला गाय कशी शिकवली? दाखवली आणि म्हणालात, ही गाय. शंभरदा. त्याने शिंगं मोजली नाहीत, शेपूट मोजलं नाही. आपोआप ओळखायला लागला. यंत्राचंही तसंच. हजार आवाज द्यायचे आणि प्रत्येकाला सांगायचं, हा घोळ, हा घोळ नाही. मग ते आपलं आपण ताळा लावतं."

"आणि म्हशीला गाय म्हणून शिकवलं तर?"

"तर म्हशीलाच गाय म्हणणार. आणि शंभर टक्के खात्रीनं म्हणणार. त्याला काय कळायलंय, काकू."

द्रुपदा म्हणाली, "म्हणजे यांच्यासारखंच," आणि माझ्याकडे बोट केलं. दोघी हसल्या. मीही हसलो, पण जरा उशिराने. कारण त्याच दुपारी मी तिला जागा दाखवून आलो होतो.

झालं असं की बोटीत ती म्हणाली, "काका, घोळीची सगळ्यात मोठी जागा कोणती?" आणि माझ्या तोंडातून बापाची रीत बाहेर पडली. खरी जागा म्हणजे मधला खडक. देवळाचा कळस पाण्याच्या लाल टाकीखाली, आणि दीपगृह डोंगराच्या खिंडीत. मी कळसाऐवजी धक्क्यावरचा दिवा म्हटलं. जागा चार मैल उत्तरेला गेली, खाडीच्या तोंडाजवळ, चिखलावर. तिथे ढोमा वाजतो. घोळ नाय.

आमच्या गावातला कुणी असता तर हसला असता. तिने वहीत लिहून घेतलं.

खरं सांगतो, त्या क्षणाला मी खोटं बोललो असं मला वाटलंच नाय. पण ती लिहीत होती ते मी बघितलं. तेव्हा बोलायला हवं होतं. नाय बोललो. डोक्यात आलं, हे यंत्र माझ्या खडकावर बसलं की खडक सरकारचा झाला. बापाने जपला, मी जपला, आणि एका डब्यापायी सोडायचा? म्हटलं, राहू दे चिखलावर. कुणाचं काय जातंय.

मग पुढचं सगळं मला जाणूनबुजून करावं लागलं. महिनाभर आमी त्या चिखलावर जात होतो. ती आवाज पकडायची, मी वल्ह्याला कान लावायचा आणि ढोमा वाजला की म्हणायचं, "घोळ." ती यंत्रात लिहायची, घोळ. हजारभर वेळा. एकदा म्हणाली, "काका, पातळ वाटतो हो आवाज." म्हटलं, "चिखलावर तसाच येतो." मग म्हणाली, पुरावा म्हणून त्या जागेवरची एक घोळ लागेल. दुसऱ्या दिवशी मी एकटा खडकावर गेलो, घोळ धरली, आणि तिच्यापुढे आणून टाकली. म्हटलं, तुझ्या जागेवरची. तिने धक्क्यावरच बसून ती फाडली, भोत हातात धरून लहान पोरीसारखी हसली. डोक्यातले दोन खडेही काढून बाटलीत ठेवले. घोळीच्या कानात खडे असतात, बोराच्या बीएवढे, पांढरे. आमच्याकडे पोरं त्यांनी खेळतात. मी काही लक्ष दिलं नाय.

काम भारी झालं. तिचं नाव झालं. एम.एस्सी. झाली, त्याच यंत्रावर पुढे पीएच.डी.ला बसली, आणि चार वर्षांत तिचे कान वेसण्यापासून खाली गोव्यापर्यंत बारा जागी पाण्यात होते. पेपरात तिच्या फोटोशेजारी माझा फोटो आला. लोक म्हणायचे, धाकूने यंत्राला शिकवलं. मी मिशीला पीळ द्यायचो. बंदरावर चहा फुकट मिळायचा, आणि मी तो प्यायचो.

पाचव्या वर्षी, पुनवेनंतर अकराव्या दिवशी, मी माझी छोटी होडी घेऊन खडकाकडे निघालो. ऊन उतरलेलं. वल्हं लावलं तर असा मेळा मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. हाडात वाजत होता. आणि मान वर करतो तर उत्तरेकडून पाच मोठ्या बोटी सरळ माझ्याकडे येताहेत.

त्या नेहमी खाडीच्या तोंडाजवळ जाळी मारायच्या. यंत्राने तिथे ढोमा ऐकला, घोळ म्हणून नोंदवला, आणि तो चौकोन बंद केला. मग शेजारचा मोकळा चौकोन कुठला? माझ्या खडकाचा. खऱ्या घोळीचा आवाज लांबवरून यंत्राला येतच होता. पण मी शिकवलं होतं की पातळ वाजतं तीच घोळ, म्हणून हे जड वाजणारं त्याच्या लेखी घोळ नव्हतंच. चौकोन मोकळा, विंच मोकळे. कायद्याने सगळं बरोबर होतं.

मी आडवा गेलो, हात हलवले, ओरडलो, "अरे, घोळीचं ठिकाण आहे, अंडी आहेत."

पुढच्या बोटीवरचा तांडेल ओळखीचा होता. त्याने विंचच्या यंत्राचा पडदा दाखवला, हिरवागार. "धाकूदादा, तुमचंच यंत्र सांगतंय, इथे काय नाय."

मी होडी बाजूला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर घोळींच्या रांगा लागल्या. आमच्या गावाने तेवढी घोळ एका ठिकाणी कधी बघितलेली नव्हती. लोक नाचत होते. सुकेशनी आली, खाली बसली, एकीचं पोट उघडलं. अंड्यांनी भरलेलं. दुसरीचं उघडलं. तिसरीचं उघडल्यावर उघडायची थांबली. बोटवाल्याला विचारलं, "कुठं गावले हे?" त्याने सॅटेलाइटचे आकडे तोंडपाठ सांगितले. त्याला कशाला सरकवायची खूण. तिने लिहून घेतले.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, माझं कुठंतरी चुकलं बगा. यंत्राला ऐकू यायला पाहिजे होतं."

पुढचे दोन महिने ती आमच्या घरात बसून स्वतःची चूक शोधत होती. जेवायला हाक मारली की यायची, भात चिवडायची, उठायची. द्रुपदा मधला तुकडा वाढायची, तो तसाच राहायचा. मी समोर बसून जेवायचो. जेवण जायचं मला, हे सांगायलाही लाज वाटते, पण जायचं.

एक दिवस द्रुपदा जाळ्याच्या ढिगावर माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "अवो, त्या वर्षीची घोळ तुमी चिखलावर धरली होती?"

मी म्हटलं, "का?"

"चाळीस वर्षं तुमची मासळी मी विकली. चिखलावरची घोळ काळपट असते. ती पिवळी होती."

मी सुई चालवत राहिलो.

"पोरीला सांगा," ती म्हणाली. "तिची परीक्षा व्हायच्या आधी सांगा. मी नाय सांगणार. ते तुमचं आहे."

परीक्षा म्हणजे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. सगळ्यांसमोर असते, कुणीही जाऊन बसावं. ती इथेच झाली, या खोलीत. मी त्या खिडकीजवळ बसलेलो, इस्त्रीचा सदरा घालून. सकाळी गाडीत सांगणार होतो. गाडीत ती कागद वाचत होती, म्हटलं नको. मग म्हटलं, परीक्षा झाल्यावर. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

परगावाहून एक मोठे साहेब आले होते परीक्षा घ्यायला. त्यांनी सरळ विचारलं, "तुमचं यंत्र बारा ठिकाणी चालू होतं. एवढा मोठा मेळा त्याने ऐकला आणि गप्प राहिलं. का?"

सुकेशनी म्हणाली, "सर, त्याला शिकवलेले नमुने चुकीच्या जागेचे होते. त्याला घोळ म्हणून जे शिकवलं ते घोळ नव्हतं."



"जागा कुणी दाखवली?"

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. समोर बघून म्हणाली, "जागा तपासायची जबाबदारी माझी होती, सर. मी तपासली नाही."

तेव्हा उठायचं होतं. गुडघ्यावर हात ठेवला होता मी. दर्यात तीन वेळा बुडता बुडता वाचलो, त्यातल्या एकाही वेळी एवढा घाबरलो नव्हतो. हात गुडघ्यावरच राहिला. साहेबांनी आणखी काय काय विचारलं, ते मला आठवत नाय. तिची पदवी रोखली. बारा कान पाण्यातून काढायचं ठरलं. केरळातल्या एका संस्थेत तिला जागा मिळणार होती, ती गेली.

बाहेर व्हरांड्यात ती मला भेटली. पर्समधून बाटली काढली, माझी मूठ उघडली आणि दोन खडे ठेवले. त्या घोळीचे.

"काका, हा खडा झाडाच्या खोडासारखा वाढतो. रोज एक थर. मासा ज्या पाण्यात राहतो ते पाणी त्या थरात उतरतं. खाडीच्या तोंडाजवळ गोडं पाणी असतं, त्याची खूण वेगळी. खडकावरची वेगळी. गेल्या महिन्यात तपासले मी. धक्क्यावरच्या घोळींचे आणि हे, सगळे एकाच पाण्यातले आहेत."

 मग एवढंच म्हटलं, "मग आत का नाय सांगितलंस?"

"तुमचं नाव घ्यायचं होतं का मी?" ती म्हणाली. रागाने नाय, थकून. "खडे पाच वर्षं माझ्याच कपाटात होते. एक दिवसाचं काम. मी केलं नाही, कारण काका म्हणाले होते." मग थांबली. "मला वाटलं तुम्ही उठाल. मी वाट बघितली, काका. सरांना उत्तर द्यायच्या आधी मी थोडी थांबले होते. कळलं का तुम्हाला?"

कळलं होतं. मला वाटलेलं ती उत्तर शोधतेय.

त्या दिवशी मी घरी गेलो नाय. परत आत आलो, सामंत मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बापाची रीत, धक्क्यावरचा दिवा, चिखल, घोळ. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तांडेल, आता सांगून काय उपयोग?"

म्हटलं, "काय शिक्षा असेल ती द्या. बोटीचं लायसन घ्या."

"लायसन मी काय करू," त्या म्हणाल्या. "हे जसं आत्ता मला सांगितलंत, तसंच दर वर्षी नव्या मुलांना येऊन सांगायचं. पहिल्या तासाला. आणि तिचं काम पुरं होईपर्यंत तिच्या बोटीवर जायचं."

लायसन गेलं असतं तर बरं होतं, असं मला अजून वाटतं.

पुढची दोन वर्षं मी सुकेशनीबरोबर गेलो. ती मला काका म्हणत राहिली, पण माझ्या शब्दावर तिने पुन्हा एकदाही लिहून घेतलं नाय. मी "घोळ" म्हटलं की म्हणायची, "दाखवा." वल्हं स्वतःच्या कानाला लावायची. मासा धरायचा, खडा काढायचा, तपासायचा, मग लिहायचं. एका नमुन्याला चार-चार दिवस. यंत्र कोरं करून पहिल्यापासून शिकवलं. हिंगोलीची ती पोर आता माझ्यापेक्षा बरं ऐकते. पदवी मिळाली तिला. पुढच्या आठवड्यापासून तुमाला शिकवायला येणार आहे. तिच्यापुढे कुणी "मला सांगितलं होतं" असं म्हणू नका.

आता कान पुन्हा पाण्यात आहेत. मधल्या खडकावरही आहे. जागा लिहून घ्या. देवळाचा कळस लाल टाकीखाली, दीपगृह डोंगराच्या खिंडीत. खूण सरकवलेली नाय. पण तुमी माझ्यावर विश्वास ठेवू नका. परवा होडीत या आणि स्वतः वल्ह्याला कान लावा.

काय ऐकू येईल ते आधीच सांगतो. यंत्र आता चुकत नाय. गेल्या दोन्ही वर्षी पुनवेनंतर त्याने तो चौकोन बंद केला. पडदा लाल झाला, सगळ्यांचे विंच थांबले. मी वल्हं टाकून ऐकलं. एक नर आहे. एकच. सूर्य बुडायला लागला की सुरू करतो, जड, सावकाश, तासभर वाजवतो, आणि मग थांबतो.

थांबतो तेव्हा तो ऐकत असतो. मीही वल्हं सोडत नाय तोवर.